गोळी वाटणारी सिस्टर

"सिस्टर, तुमचं काम सोपंय. गोळी द्यायची, सही घ्यायची." एका बैठकीत हे ऐकून मी गप्प बसले होते. आज लिहिते.

मी एका सरकारी रुग्णालयाच्या ओएसटी केंद्रात, म्हणजे नशेच्या जागी रोज औषध देऊन उपचार करणाऱ्या केंद्रात, कंत्राटी नर्स होते. गर्द (हेरॉइन) ओढणारी, सुई टोचून घेणारी माणसं तिथे रोज ब्युप्रेनॉर्फिन हे गर्दची तलफ थांबवणारं औषध घ्यायला येतात. गोळीची पूड करून जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत समोर बसवायचं, मग तोंड उघडून बघायचं. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच निकामी होतं. खिशातून बाहेर गेली तर विकली जाते.

त्या पाच-सात मिनिटांत मी काय बघायचे? हातावर सुईची ताजी खूण आहे का, जीभ जड झालीय का. दारू पिऊन आला असेल तर डोस थांबवायचा, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतो. डॉक्टरांची भेट अधूनमधून, आमची मात्र रोज.

पहिला डोस सगळ्यात अवघड. अंगात गर्द असताना दिला तर औषध त्याला मेंदूतल्या जागेवरून हुसकून लावतं आणि एकदम जोराची टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास सुरू होतो. एका मुलाची आई माझा हात धरून म्हणाली, "ताई, द्या ना आत्ता, बघवत नाही." तो घामाघूम होता, पण डोळ्यांच्या बाहुल्या अजून बारीक होत्या, म्हणजे अंगात गर्द होतं. तीन तास मी त्याच्याशी बोलत बसले. बाहुल्या मोठ्या झाल्या, नाक वाहू लागलं, अंगावर काटा आला, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. रजिस्टरमध्ये त्या तीन तासांना रकाना नव्हता.

"एक व्यसन काढून दुसरं लावता," असं शिकलेली माणसंही म्हणतात, तेव्हा फार राग येतो. ठरल्या डोसवर माणसाला नशा चढत नाही, तो कामावर जातो. औषध मध्येच सुटलं तर मात्र धोका, कारण सवय मोडलेल्या शरीराला गर्दचा जुना डोस जीवघेणा ठरू शकतो. म्हणून दोन दिवस कुणी दिसला नाही की आम्ही फोन लावायचो.

एकदा डॉक्टर रजेवर होते. पहिला डोस त्यांच्याशिवाय सुरू करता येत नव्हता, म्हणून टर्कीत आलेले तिघं नवीन पेशंट मला परत पाठवावे लागले. दुसऱ्या दिवशी एकच आला.

अमेरिकेत 2016 च्या कायद्याने नर्स प्रॅक्टिशनरना (जास्त शिकलेल्या नर्सना) खास परवानगी घेऊन ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा मिळाली. त्यांना 24 तासांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं, डॉक्टरांना 8. ती खास परवानगीची अटही 2022 च्या अखेरीस गेली. त्यांच्या नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण जास्त असतं, हे मान्य. मग आपल्याकडेही तसं शिक्षण द्या ना! 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक दिसले. प्रशिक्षित नर्सला, फोनवर डॉक्टरांचा सल्ला घेऊन का होईना, पहिला डोस सुरू करू द्या. आणि तिला कायम करा. दर वर्षी कंत्राट संपलं की पेशंट विचारायचे, "उद्या तुम्हीच असाल ना, सिस्टर?"