आतेचं अर्धं तिकीट आणि एसटी बुडवल्याचा आरोप

माझी आते देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय बासष्ट. आठवड्यातून एकदा सोलं आणि सुकं म्हावरं घेऊन एसटीनं कणकवलीच्या बाजाराला जाते. गेल्या खेपेला तिनं कंडक्टरला सांगितलं, "माका पुरा तिकीट दी. सरकाराच्या पैशान फिरतंय म्हणान कोण बोलूक नको." कंडक्टरनं तिची समजूत घालून अर्धंच तिकीट दिलं. संध्याकाळी तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला कळलं, की एसटीविरुद्ध फिरणारा तो मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवरही पोचलाय. टाकणारा माझाच चुलतभाऊ, राहायला ठाण्याला.

तुम्हालाही आला असेल. कोकणात आता घरटी गाडी आहे, एसटी रिकामी धावते. बायकांना अर्धं तिकीट दिल्यामुळे महामंडळ बुडालं, त्या कामाशिवाय फिरत असतात. गाडीवाले कर भरतात आणि त्यावर एसटी पोसली जाते. हायवे चौपदरी झाला की एसटी बंद करा. एवढं सगळं एका मेसेजात, खाली 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला नाही पटलं. आधी अर्ध्या तिकिटाचं बघू, कारण आतेला लागलं ते हेच. महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मार्च 2023 मध्ये सुरू झाली. एसटीच्या तोट्यावर जून 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी श्वेतपत्रिका काढली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर, आणि मागच्या 45 वर्षांत महामंडळ नफ्यात होतं ती जेमतेम 8 वर्षं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे जे दुखणं चार दशकांचं आहे, त्याचं खापर 2023 मध्ये आलेल्या सवलतीवर फोडायचं? मधली कोरोनाची टाळेबंदी आणि 2021-22 मधला पाच-सहा महिन्यांचा संप कुठे गेला?

दुसरं, सवलतीची उरलेली रक्कम सरकार महामंडळाला देतं. ती वेळेवर येत नाही ही ओरड मात्र खरी आहे. पण ती सरकारची उधारी झाली. आतेनं काय बुडवलं? आणि 'कामाशिवाय फिरतात' म्हणजे काय? सकाळच्या गाडीत एकदा बसून बघा. मांडीवर पिशवी, पायाशी टोपली, ती कलंडू नये म्हणून वळणावर एका हातानं धरलेली. कोणी दवाखान्यात निघालेली, कोणी बँकेत. आते पूर्वी पंधरा दिवसांनी बाजाराला जायची, आता दर आठवड्याला जाते, एवढाच काय तो फरक. तिचे चार पैसे सुटतात. आणि एखादी बाई काम नसताना लेकीला भेटायला गेली, तर त्याचा हिशेब तिनं ग्रुपवर का द्यायचा?

आता कराचं. एसटीच्या भाड्यावर 17.5 टक्के प्रवासी कर आहे. मूळ भाडं शंभर रुपये असेल तर साडेसतरा रुपये कराचे, आणि ते दर खेपेला. गाडीवाला रस्ता कर एकदाच, गाडी घेताना भरतो. पेट्रोलवर तो कर भरतो हे मान्य, पण एसटीचं डिझेल काय करमाफ येतं? शिवाय गणपतीला कोकणात येणाऱ्या गाड्यांना दरवर्षी टोलमाफीचे पास मिळतात. माझा चुलतभाऊही तो पास लावूनच येतो. ती सवलत त्याला चालते, आतेच्या अर्ध्या तिकिटाचा मात्र त्याला त्रास होतो.

'घरटी गाडी' ही थाप आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या साधारण आठ घरांकडेच कार होती. आमच्या वाडीत मे महिन्यात आणि गणपतीत गाड्या दिसतात, त्या मुंबईहून आलेल्या. एखाद्या अंगणात कायमची गाडी असली तरी ती चालवणारा मुलगा नोकरीला बाहेर, आणि घरात दोन म्हातारी माणसं.

मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण पनवेल-इंदापूरपासून 2011 मध्ये सुरू झालं. त्यानंतर किती गणपती माणगावच्या कोंडीत गेले ते मोजा. एका एसटीत चाळीस-चव्वेचाळीस माणसं बसतात. तीच माणसं चार-चार करून गाड्यांत बसवली तरी दहा-अकरा गाड्या लागतात, आणि इथे तर एकेका गाडीत दोघंच असतात. कितीही रुंद केला तरी तो रस्ता पुरणार कसा?

एसटी रिकामी धावते, यात अर्धं खरं आहे. दुपारची आमची गाडी रिकामी जाते, मीही पाहिलंय. पण सकाळी शाळेच्या पोरांनी खच्चून भरून गेलेली तीच गाडी. आणि होय, ती वेळेवर येत नाही, घाटीत बंद पडते, फेरी न सांगता रद्द होते. आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी याच रागानं दुचाकी घेतली. म्हणून गाडीवाल्यानं गाडी घरी ठेवावी असं वाटत असेल, तर आधी एसटी भरवशाची करायला हवी. देवगडला रेल्वे नाही. तुतारी एक्सप्रेसनं कणकवलीला उतरलेल्या माणसाला स्टेशनच्या दारात देवगडची गाडी उभी दिसली पाहिजे, ट्रेनला उशीर झाला तर ती थांबली पाहिजे. फेरी रद्द झाली तर निदान आदल्या संध्याकाळी गावात कळलं पाहिजे. आणि तो 17.5 टक्के कर कमी करा. मेसेज फिरवायचाच असेल तर हा फिरवा.

चुलतभावाला हे सगळं फोन करून सांगितलं. त्यानं ग्रुपवरून मेसेज काढला, पण आतेला अजून फोन केलेला नाही. तो त्यानं करावा, पुढच्या बाजाराच्या आत.