सगळी गाजरं देवाची लेकरं

तोक्योत निशी-कासाईला राहायला जाऊन मला तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात माझ्या दाराची बेल एकदाच वाजली होती, तीही शेजाऱ्याचं पार्सल चुकून माझ्या नावावर आलं म्हणून. त्यामुळे एका शनिवारी दुपारी बेल वाजली तेव्हा इंटरकॉमच्या स्क्रीनवर कोण आहे तेही न बघता मी धाडकन दारच उघडलं. जपानमध्ये असं कुणी करत नाही. बाहेर पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, काखेत सायकलचं हेल्मेट अशी दोन गोरी पोरं, आणि दार खरंच उघडलं याचा धक्का माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त बसलेला. त्यातला धाकटा, जेमतेम १९ चा, मुरुमांसकट लालबुंद झाला, आवंढा गिळला आणि जपानीत म्हणाला, "सगळी गाजरं देवाची लेकरं आहेत."

त्याला म्हणायचं होतं निंगेन, म्हणजे माणसं. तोंडातून निघालं निंजिन, म्हणजे गाजर. मी पुण्यातून जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा पास होऊन आलेलो म्हणून फरक कळला, पण खरं सांगायचं तर मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आमच्या अरणच्या सावता माळ्याला भाजीच्या मळ्यात विठोबा दिसला, मग याच्या गाजरानं काय घोडं मारलंय?

म्हणलं आत या.

दोघांच्या पाटीवर 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. एक १९ चा वडीलधारा, एक २१ चा. मॉर्मन मिशनरी, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे प्रचारक. मुलांनी दोन वर्षं जायचं, मुलींनी दीड, देश आपण निवडायचा नाही, पत्र येईल तिकडं निघायचं, आणि खर्च स्वतःचा नाहीतर घरच्यांचा. धाकटा आयडाहोचा, म्हणजे बटाट्याच्या मुलखातला माणूस मला गाजराबद्दल सांगत होता. युटामधल्या प्रोवोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये जेमतेम दोन महिने जपानी शिकून इथं येऊन दहा दिवस झालेले. धर्म बदलायचा माझा विचार नाही हे मी आधीच सांगून टाकलं, ते म्हणाले चालेल, आणि मग मी आपल्या धर्माला जागून विचारलं, "चहा घेणार ना?"

"नाही, थँक्यू."

आता कुठलाही मराठी माणूस पहिल्या 'नाही'ला 'नाही' समजत नाही. मी आलं किसायला घेतलं. "अहो अर्धा कप." "खरंच नाही." "बरं पाव." थोरला उठून उभाच राहिला. मग कळलं की १८३३ सालच्या एका शिकवणीमुळे यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं बंद. मी म्हणलं मग गवती चहा? पुण्याहून आईनं वाळवून दिलाय, यात चहा अजिबात नाही. हे वाक्य इंग्रजीत नीट होत नाही. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पाणी मागितलं.

पण जपानात चहा नाकारणं म्हणजे काय, ते धाकट्यानं सांगितलं. आठ दिवस दारं ठोठावून एका आजींनी आत घेतलं तर समोर ग्रीन टी. आजींचा उतरलेला चेहरा बघून पोराला रात्री झोप नाही. शेवटी थोरल्यानं मुगिचा दाखवला, भाजलेल्या बार्लीचं पाणी, नावात चा आहे पण चहाचं पान नाही, तो चालतो.

खरा घोळ मात्र 'केक्को देस'चा होता. एक बाई इंटरकॉमवर म्हणाल्या केक्को देस. शब्दकोशात केक्को म्हणजे उत्तम, छान. यानं डायरीत लिहिलं, 'फारच उत्सुक', आणि थोरला नको म्हणत असताना त्याला ओढत दुसऱ्या दिवशी परत गेला. परत केक्को देस. तिसऱ्या दिवशी तर बाई दोनदा म्हणाल्या, हा हवेत. मी त्याला सांगितलं, बाबा रे, याचा अर्थ 'नको, माझं ठीक चाललंय, निघा'. तो असा बसला की मला माझीच पहिली क्लायंट मीटिंग आठवली. समोरचा साहेब मान हलवत म्हणाला होता केन्तो शिमास, विचार करतो, आणि मी पुण्याच्या ऑफिसला मेल टाकली, क्लायंट पॉझिटिव्ह. अजून विचारच चाललाय.

मग ते अधूनमधून यायला लागले. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद, आणि जोडीदाराला सोडून एकट्यानं कुठं जायचं नाही. २०१९ पासून आठवड्यातून एकदा घरी व्हिडिओ कॉल करता येतो, त्याआधी वर्षातून दोनदाच फोन. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दर आठवड्याला करतो? तुझ्यापेक्षा बराय." धाकटा उदास असला की योकोहामाला उतरलेल्या पहिल्या तुकडीची गोष्ट सांगायचा, १९०१ सालची, त्यातही एक १९ वर्षांचा होता, तो इतका टिकला की १९०९ ला त्यांचा अख्खा धर्मग्रंथ त्याच्या हातून जपानीत आला. मी म्हणलं म्हणजे तुला अजून वेळ आहे. मी मुगिचाही आणून ठेवला, करपलेली भाकरी रात्रभर माठात पडल्यासारखा लागतो पण पाहुण्यांसाठी प्यायचो.

मग धाकट्याची बदली झाली. निरोपाला आले तेव्हा मी पोहे केले, वर ओलं खोबरं, जे निशी-कासाईत काय भावानं मिळतं ते विचारू नका. दोन प्लेटा झाल्यावर मी डाव घेऊन उभा राहिलो. त्यानं प्लेटवर हात आडवा धरला आणि अगदी अस्सल जपानी सुरात, मान किंचित वाकवून म्हणाला, "केक्को देस."

उच्चार एकदम क्लीन होता. मी आणखी दोन डाव वाढले.