सोप्यावरचं भांडण: अतिरेक्यांशी युद्ध जिंकता येतं का?

गोव्यातल्या म्हार्दोळच्या तिंट्यावर, म्हणजे बाजारात, हॉटेलच्या सोप्यावर काल परत तोच विषय. कुणीतरी पहलगामचं नाव काढलं आणि उल्हास सुटला. मोबाईलचा आवाज फुल, स्क्रीनवर चॅनलवाल्यांची कार्टूनातली मिसाइलं, आणि हा प्रत्येक स्फोटाला "हां, गेला!" म्हणून मांडीवर थाप मारतोय, ती पण शेजारी बसलेल्या प्रसादच्या. म्हणे 2025 च्या 7 मेला आपण पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरात नऊ ठिकाणं उडवली, अजून आठ दिवस दिले असते तर कायमचा निकाल लागला असता.

"कुणाचा निकाल?" दत्ता. दत्ता आमचा तारवटी, अर्धं आयुष्य बोटीवर, बोलतो कमी पण बोलला की लागतं.

"अतिरेक्यांचा!"

"71 ला पाकिस्तानच्या जनरल नियाझीने शरणागतीवर सही केली तेव्हा युद्ध संपलं हे सगळ्यांना कळलं. इथे सही कोण करणार, नाव सांग."

उल्हास म्हणाला सहीबिही काय नको, एकेकाला घरात घुसून मारायचा, संपलं. मग दत्ताने चहा खाली ठेवला. "अमेरिकेने तेच केलं मरे. 2001 ला अफगाणिस्तानात गेले, 2011 ला लादेनला अबोटाबादेत घरात घुसूनच मारला. ज्याच्यासाठी गेले तो मेला, तरी आणखी दहा वर्षं तिथेच, आणि 2021 च्या ऑगस्टात काबूल परत तालिबानकडे. मधेच 2003 ला इराकात शिरले, तिथलं अख्खं सैन्य बरखास्त करून टाकलं. बंदूक चालवायची सोडून दुसरं काय येत नाय अशी माणसं बिनपगारी घरी पाठवली, त्यातलीच काही पुढे इसिसची अधिकारी झाली आणि 2014 ला मोसूल घेतलं. घुसायला अक्कल लागत नाय, बाहेर कधी पडायचं ते आधी ठरवायला लागते."

प्रसाद लगेच खूश, तो कॉलेजात शिकवतो, "म्हणजे मी म्हणतो तेच, हे जिंकताच येत नाही, मुळात कारणं शोधली पाहिजेत..." पण दत्ताने त्यालाही सोडला नाही. "श्रीलंकेतली लिट्टे कुठाय मग? मे 2009 ला तिचा म्होरक्या प्रभाकरन मेला आणि संघटना संपली. जिंकता येतं. पण शेवटच्या महिन्यांत त्या किनाऱ्यावरच्या पट्टीत हजारो साधी तमिळ माणसं मेली ती पण त्या जिंकण्यातच मोजायची. आणि दहा वर्षांनी ईस्टरच्या दिवशी चर्चमध्ये आणि हॉटेलांत स्फोट झाले ते भलत्याच लोकांनी केले. एक टोळी संपली म्हणून सगळं संपलं असं नसतं."

मी मिझोरामचं काढलं. 1966 ला बंड झालं, आपल्याच विमानांनी ऐजॉलवर बॉम्ब टाकले, आणि वीस वर्षांनी 86 ला करार होऊन बंडाचा तोच पुढारी लालडेंगा मुख्यमंत्री. 87 च्या फेब्रुवारीत ते राज्य झालं, मे महिन्यात आपलं गोवा. मला खरंच वाटतं की आपल्या देशाने केलेली ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपण ती शाळेत नीट शिकवत नाही. दत्ता म्हणाला, "खरं, पण लालडेंगाला जे पाहिजे होतं ते देता येण्यासारखं होतं. जैशच्या मसूद अझहरला काय देणार? 99 ला आपलं विमान पळवलं तेव्हा त्याला सोडून पाहिजे ते दिलंच की, कंदहारला विमानाने पोचवून." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

माझं मत दत्ताजवळचंच. फौज लागते तेव्हा लागतेच, पण खरं काम चालतं ते चॅनलवर दिसत नाही. 26/11 ला 166 माणसं गेली, दहा जण समुद्रातून आले, आपल्याच एका मच्छीमार ट्रॉलरवरून. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं, कोस्टल पोलिसांच्या बोटी, पाकिस्तान 2018 ते 2022 एफएटीएफच्या, म्हणजे अतिरेक्यांचा पैसा रोखायला बसलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, ग्रे लिस्टमध्ये, पैशाच्या वाटांवर नजर. आणि तुकाराम ओंबळे. त्यांनी गोळ्या झेलत कसाबची बंदूक धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला आणि कट कुठे शिजला ते जगासमोर आलं, त्या एका पोलिसाने जे केलं ते शंभर मिसाइलांनी झालं नसतं असं मी म्हणालो आणि उल्हासने चक्क मोबाईल खिशात घातला.

पण दोनच मिनिटं. "आपले लोक असलं काही करत नाहीत, हा बाहेरचा रोग," असं तो म्हणाला तसा प्रसाद उसळला, "मडगावात 2009 ला दिवाळीच्या आदल्या रात्री, नरकासुराचे पुतळे जाळतात तेव्हा, स्कूटरमध्ये स्फोट झाला, नेणारे दोघे मेले, ते कुठून आले होते? आणि खटला चालला ते सगळे 2013 ला निर्दोष सुटले."

"तो विषय वेगळा," उल्हास.

"कसा वेगळा?"

"वेगळा म्हणजे वेगळा! तू नेहमी दोन्हीकडून बोलतोस, तुमच्या घराण्यातच आहे ते, तुझ्या आजोबाने 67 ला गोवा महाराष्ट्रात घालायचा का त्या ओपिनियन पोलला वेगळं राहायच्या दोन पानांवर शिक्का मारला आणि अख्ख्या वाड्याला विलीनीकरणाच्या फुलावर मारला म्हणून सांगितलं!"

प्रसाद लालेलाल. "आजोबांवर जाऊ नको हां!"

"मग करायचं काय ते तरी सांगा," उल्हास आता उभाच राहिला, "नरकासुरासारखा दरवर्षी बांधायचा नि दरवर्षी जाळायचा?"

"नरकासुराचं तू बोलूच नको," दत्ता शांतपणे म्हणाला, "गेल्या दिवाळीची वर्गणी कुठाय? जनरेटरवाला परवा माझ्या दारात आला होता."

"त्याला सांग उल्हास मस्कतला गेला."

"सांगितलं. तो म्हणाला, मग सकाळी भाजीपाव खात होता तो कोण?"

प्रसादच्या नाकातून चहा आला. तेवढ्यात पणजीची बस लागली, तो तसाच खोकत पळाला, आणि दत्ताने हॉटेलवाल्याला ओरडून सांगितलं, चार चहा आणि सहा मिरची भजी उल्हासच्या नावावर मांड.