कोकणात सर्किट बोर्ड जोडता येत नाहीत?

गेल्या पावसाळ्यापासून आपल्याकडच्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘कोकणाच्या खाऱ्या, दमट हवेत सर्किट बोर्डांची असेंब्ली होऊच शकत नाही. करायचीच असेल तर वरून कोटिंगचा जाड थर द्या आणि शेवटी प्रत्येक बोर्ड टेस्ट करा. बाकी काही हातात नाही.’ मी रत्नागिरीजवळच्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघते. हा मजकूर वाचून ओळखीच्या दोन मुलांनी इथे युनिट टाकायचा बेत सोडला, म्हणून लिहितेय.

आधी हवा. मलेशियातलं पेनांग हे बेट विषुववृत्ताजवळ आहे, बारा महिने दमट. १९७२ साली तिथे बायान लेपासचं मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं आणि त्याच वर्षी इंटेलने चिप असेंब्लीचा कारखाना काढला. आज ते बेट इलेक्ट्रॉनिक्ससाठीच ओळखलं जातं. बोर्ड अंगणात नाही, खोलीत जोडतात, आणि खोलीतला ओलावा एसी व डीह्युमिडिफायर लावून धरून ठेवता येतो.

आपल्या घरी ही शिस्त आहेच. मे महिन्यात वाळवलेले पापड आगोटीआधी घट्ट झाकणाच्या डब्यात जातात आणि डबा कोणी उघडा टाकला तर आई ओरडते. आयसीची, म्हणजे बोर्डावर बसवायच्या चिपची, पाकिटं तशीच सांभाळायची. आयसी ओलावा किती सोसते त्यावरून तिची लेव्हल ठरते; लेव्हल ३ मधल्या आयसीला पाकीट फोडल्यापासून भट्टीत जाईपर्यंत १६८ तास मिळतात, तेही खोली ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत असेल तर. जुलैत खिडक्या उघड्या ठेवून ही अट पहिल्याच तासाला मोडते. प्लास्टिकमध्ये मुरलेल्या ओलाव्याची रिफ्लो भट्टीत (जिथे सोल्डर वितळून आयसी बोर्डाला जोडली जाते), २४० अंशांच्या आसपास, वाफ होते आणि आयसी आतून फाटते. बाहेरून बऱ्याचदा काहीच दिसत नाही. आमच्याकडे आता पाकीट फोडल्याची तारीख-वेळ पाकिटावरच लिहितात, उरलेला माल ड्राय कॅबिनेटमध्ये जातो. सोल्डर पेस्टची, म्हणजे बोर्डावर छापायच्या सोल्डरच्या मलमाची, बरणीही फ्रीजमधून काढून लगेच उघडायची नाही, आत दव धरतं.

कोटिंगबद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो आम्ही स्वतः पाळला होता. पंप कंट्रोलरच्या एका लॉटवर दुप्पट कोटिंग मारलं. श्रावणात बोर्ड परत येऊ लागले. भिंगाखाली पाहिलं तर कोटिंगच्या खाली, हाताने सोल्डर केलेल्या टर्मिनलांच्या मध्ये, धातूचे बारीक फाटे फुटलेले. ब्रशने लावलेला जादा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) नीट तापलाच नव्हता, तो तसाच राहिला आणि त्यावर आम्ही थर चढवला. कोणतंही कोटिंग वाफ पूर्ण अडवत नाही, फक्त उशीर करतं. आत मुरलेलं पाणी, राहिलेला फ्लक्स आणि टर्मिनलांमधला व्होल्टेज एकत्र आले की धातू सरकू लागतो. मिठाचंही तेच. ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि बोर्डावर ते आपल्या घामट बोटांनीही येतं. म्हणून आधी धुणं, वाळवणं, हातमोजे, मग कोटिंग. धुण्याची पायरी घातल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्या कंट्रोलरची अशी एकही तक्रार आली नाही.

राहिलं टेस्टिंग. ते हवंच, पण ते फाटे वाढायला महिने लागतात. परत आलेला प्रत्येक बोर्ड आमच्या टेबलावर टेस्ट पास झालेला होता. तपासायचं तर बोर्डावर पेस्ट छापल्यावर लगेच, भट्टीत जाण्याआधी, तपासा. तेव्हा बिघडलेला बोर्ड धुऊन पुन्हा छापता येतो, भट्टीतून आल्यावर तोच बोर्ड दुरुस्त करताना पुन्हा उष्णता आणि पुन्हा फ्लक्स लागतो.

मजकुरातली एक गोष्ट खरी आहे: जेटीवर किंवा खाडीकाठच्या पंपावर लागणाऱ्या बोर्डाला कोटिंग आणि सीलबंद पेटी दोन्ही लागतात. त्या दोन मुलांना मी आमच्या खोलीचं आर्द्रतेचं रजिस्टर पाहायला बोलावलंय, जुलैच्या पानांसकट.