वीरगळाखाली हंडा? आधी दगड तरी बघा

‘वीरगळ म्हणजे शिवकाळात खजिन्यावर ठेवलेली खूण. सूर्य-चंद्र दिशा दाखवतात, गाई मोजा म्हणजे हंडे कळतात. गाढवाच्या दगडाकडे मात्र बघू नका, वंश बुडतो.’ हा मेसेज पंधरा दिवस फिरतोय. मी सोडूनही दिला असता, पण सासवडजवळच्या गावातला माझा मामेभाऊ तो वाचून पहार घेऊन थेट वेशीबाहेर गेला. दगडाच्या बुडाशी कमरेइतका खड्डा. निघाला मुरूम.

आता या गाई. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड; तो खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर मरून पडलेला; गाई असतील तर गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला. त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि माथ्याशी शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच. आमच्या दगडावर शेंदराचा इतका थर आहे की गाव त्याला म्हसोबाच म्हणतं, पण बोट फिरवलं की गाईची शिंगं लागतात. तीन गाई म्हणून तीन हंडे? बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर जहाजं कोरलीयत, तिथे काय पाणबुडे सोडायचे?

सूर्य-चंद्राचा अर्थ एवढाच, की ते आहेत तोवर याचं नाव राहो. शिवकाळाचं म्हणाल, तर त्याच्या कित्येक शतकं आधी, शिलाहार-यादव राजांच्या काळातही वीरगळ उभे राहत होते.

गाढवाच्या दगडावर, म्हणजे गाढव कोरलेल्या दानाच्या दगडावर (गधेगळावर), शाप असतो, हे मात्र खरं, मान्य करतो. पण कोणाला? मुंबईच्या संग्रहालयात परळचा शिलालेख आहे, शके 1108 म्हणजे इ.स. 1187 चा. त्यातली मराठी ओळ स्वच्छ सांगते: जो हे शासन (दानाची राजाज्ञा) मोडील त्याच्यावर सहकुटुंब देवाचा कोप, आणि पुढे त्याच्या आईवरून गाढवाची शिवी, इथे लिहिता येणार नाही अशी. म्हणजे शाप दान दिलेली जमीन लाटणाऱ्याला आहे, बघणाऱ्याला नाही. (आमच्याकडच्या प्लॉटिंगवाल्यांनी तो जरूर वाचावा.)

शेतात नांगराला कधीमधी नाणी लागतात, तेही खरं. पण 1878 च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्याने दहा रुपयांवरचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांवरचं! मेसेजमध्ये हे कुठे आलं?

दगड आता ओढ्याकडे कललाय. रविवारी मामा आणि मी खड्डा बुजवून त्याला सरळ करणार आहोत. पहार माझ्या डिकीत आहे, आणि मामेभावाला ती मिळणार नाही.