लाकडी टोकन आणि कोवळी कारली

हे लिहू की नको, याचा बरेच दिवस विचार करत होते. पण परवा मंडळाच्या ग्रुपवर ‘सरकारच्या पैशांवर फुकट खाणारे’ अशी चर्चा रंगली, आणि राहवेना.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातलं घरभाडं, दोन मुलं आणि माझं अर्ध्या वेळेचं काम. आम्ही नागरिक असल्यामुळे पात्र ठरलो, आणि सात महिने आमचं स्वयंपाकघर कॅलफ्रेशच्या कार्डावर चाललं. कॅलफ्रेश म्हणजे कॅलिफोर्नियातलं स्नॅप, कमी उत्पन्नाच्या घरांना अन्न घेण्यासाठी कार्डावर मिळणारी सरकारी मदत, म्हणजेच पूर्वीचे फूड स्टॅम्प. सासूबाईंना कळू दिलं नाही. दुकानात कार्ड काढताना मागे कोणी देशी चेहरा नाही ना, हे आधी बघायची.

मग एका शेजारणीनं रविवारच्या शेतकरी बाजारात नेलं. तिथे तोंडाशीच एक तंबू असतो. किती डॉलर हवेत ते सांगायचं, कार्ड फिरवायचं, तेवढी लाकडी टोकनं हातात. मी १० सांगितले. तिथल्या मुलीनं टोकनं मोजली आणि वर आणखी १० डॉलरची कुपनं ठेवली. मला वाटलं चुकली, म्हणून परत करायला लागले. ती म्हणाली, “नाही, ही तुमचीच आहेत.” ही ‘मार्केट मॅच’, कार्डावरच्या पैशांना जोड देणारी योजना. २००९ पासून कॅलिफोर्नियात चालू आहे. जोडीला मिळालेल्या कुपनांवर फक्त फळं-भाज्या घेता येतात. टोकनांवर अंडी, पाव, मधही चालतो, अगदी मिरचीचं रोपसुद्धा. गरम तयार पदार्थ मात्र नाहीत, आणि टोकनांचे सुटे परत मिळत नाहीत.

फ्रेस्नोकडून येणाऱ्या, मूळच्या आग्नेय आशियातल्या मोंग शेतकऱ्यांच्या गाळ्यावर कोवळी कारली होती, चवळीच्या लांब शेंगा, शेवग्याचा पाला. किती महिन्यांनी मी भाजी हातात घेऊन, मोडून, निवडून घेत होते! गाळ्यावरच्या आजींनी टोकनं डब्यात टाकली आणि मूठभर मिरच्या वर घातल्या, जशा पुढच्या गिऱ्हाइकालाही घातल्या.

मला आईची रेशनची रांग आठवली. साखर आली का, रॉकेल कधी येणार, काही पत्ता नसायचा. मिळेल ते पिशवीत घ्यायचं, खडे घरी निवडायचे. आजी बहात्तरच्या दुष्काळातल्या लाल मिलोबद्दल सांगायची. ती ज्वारी याच अमेरिकेतून आली होती. रेशननं आमची घरं जगवली, हे मी कधीच विसरणार नाही. पण तिथे निवड नव्हती, आणि निवड नसली की माणूस आतून लहान होतो, हे मी आईच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

आणि ‘फुकट’ म्हणणाऱ्यांनो, त्या टोकनांचे पैसे जातात कुठे? बाजार चालवणारे ती परत घेतात आणि शेतकऱ्याला पूर्ण रक्कम देतात. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला पहिली फूड स्टॅम्प योजना निघाली, तिचाही हिशेब असाच होता. १ डॉलरची केशरी तिकिटं विकत घेतली की ५० सेंटची निळी वर मिळत, आणि निळ्यांवर बाजारात जास्त झालेला शेतमाल घ्यायचा. शेतात माल पडून आणि शहरात पोटं रिकामी, या दोन दुखण्यांवर मिळून काढलेला तो उपाय होता. कांदा रस्त्यावर ओतावा लागतो तेव्हा काय होतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला हवं का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारचं कामकाज बंद पडलं आणि नोव्हेंबरमध्ये स्नॅपचे पैसे अडकले. या योजनेवर तेव्हा चार कोटींहून जास्त माणसं होती. तोवर आमचं बरं चाललं होतं, नवऱ्याला नोकरी लागली होती, तरी त्या आठवड्यात मला झोप लागली नाही. महिन्याच्या पाच तारखेला कार्डावर शून्य दिसणं म्हणजे काय, ते मला कळत होतं.

आपल्या ओळखीतही अशी घरं आहेत. नोकरी गेलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली. सगळ्यांना ही मदत मिळत नाही, व्हिसावर असलेल्यांना तर नाहीच. पण ज्यांना मिळते त्यातल्या कितीतरी जणींना हे कार्ड बाजारातही चालतं हेच माहीत नसतं, किंवा तंबूपाशी उभं राहायची लाज वाटते. एकटीनं जायला नको वाटत असेल, तर मला मेसेज करा. रविवारी साडेनऊला मी तिथेच असते. कारली दहाच्या आत संपतात, आणि पिशवी घरून आणा.