बेट हाती लागलं तर बारसं कसं करावं

समजा उद्या तुम्हाला युद्धात एखादं बेट मिळालं तर गांगरून जाऊ नका. १८९८ साली स्पेनकडून कॅरिबियन समुद्रातलं प्वेर्तो रिको बेट मिळालं तेव्हा अमेरिका कुठे गांगरली, नाव जिभेवर बसेना म्हणून कागदोपत्री 'पोर्टो रिको' करून टाकलं आणि ते स्पेलिंग सुधारायला १९३२ उजाडलं. बारसं कितीही वेळा करता येतं. तिथले मूळ रहिवासी तायनो लोक बोरिकेन म्हणायचे, कोलंबसाच्या वेळी ते सान हुआन झालं, प्वेर्तो रिको हे बंदराचं नाव होतं, मग कधीतरी दोन्ही नावांची अदलाबदल झाली. बाळाला कोण विचारतंय.

आता बेट घरातलं की परकं? इथे संत्र्यांची पेटी उपयोगी पडते. सान हुआनहून न्यूयॉर्कला संत्री आली, त्यांच्यावर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली, व्यापारी कोर्टात गेला की अहो, घरातल्या घरात कसली जकात? १९०१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, बेट अमेरिकेचंच आहे पण 'घरगुती अर्थाने परदेशी' आहे. पाठ करून ठेवा हे, जावयाला घरजावई करायचं नसेल तेव्हा पण चालेल.

मग १९१७ मध्ये नागरिकत्व द्या. राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत मात्र देऊ नका, एकदम सगळं दिलं की माणसं शेफारतात. संसदेत एक प्रतिनिधी बसवा, तो बोलेल, पण विधेयक मंजूर करताना त्याचं मत नाही.

खरी कमाल १९५२ ची. स्पॅनिशमध्ये नाव ठेवलं 'एस्तादो लिब्रे असोसिआदो', म्हणजे स्वतंत्र सहयोगी राज्य. स्वतंत्र नाही, राज्य नाही, आणि सहयोगी म्हणावं तर शेवटचा शब्द वॉशिंग्टनचा. इंग्रजीत ही पंचाईतच नको म्हणून नुसतं 'कॉमनवेल्थ', जे केंटकी आणि पेनसिल्व्हेनियासुद्धा स्वतःला म्हणवतात, आणि ती तर चांगली पूर्ण राज्यं आहेत! असं नाव शोधा की ज्याला जे ऐकायचंय ते त्याला ऐकू येईल.

बेटाचा दर्जा काय असावा यावर अधूनमधून जनमतही घ्या, बंधनकारक नसलं की काही बिघडत नाही. १९९८ मध्ये निम्म्याहून जास्त लोकांनी 'वरीलपैकी काहीही नाही' यावर शिक्का मारला, तरी सगळं होतं तसंच चाललं.

आणि कुणी मतासाठी फारच हट्ट धरला तर त्याला फ्लोरिडाचं विमान दाखवा. तोच माणूस, तोच पासपोर्ट, ऑर्लँडोत भाड्याने खोली घेऊन नाव नोंदवलं की मत मिळतं, आणि आजीला सांभाळायला बेटावर परत राहायला गेला की जातं.